निळसर ओठांमागचा धोका: हृदयदोष आणि मेंदूतील गळू

शरीरभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांतून जाताना तेथील केशवाहिन्यांच्या जाळ्यात प्राणवायू घेते आणि त्यात शिरलेले बरेचसे जीवाणूही तेथेच अडकून नष्ट होतात. परंतु मार्सेयच्या फॅलो या वैद्याने १८८८ मध्ये वर्णिलेल्या व त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौपदरी जन्मजात दोषात काही रक्त हृदयाच्या पडद्यातील छिद्रातून फुप्फुसांना वगळून थेट डावीकडे जात असल्याने ही गाळणी चुकते. किडलेल्या दाढेतून रक्तात उतरलेला जीवाणू मग मेंदू गाठतो, आणि प्राणवायूअभावी तांबड्या पेशी वाढून दाट झालेले रक्त जेथे रेंगाळते तेथे त्याला थारा मिळून पू साचतो, म्हणजेच मेंदूत गळू होते.

चोपडा-यावलच्या खेड्यांतून जळगावला किंवा साक्रीकडून धुळ्याला मूल घेऊन येणाऱ्या आईच्या बोलण्यात बहुधा ‘मेंदूत ताप गेला’ एवढेच असते. पोर खेळता खेळता धाप लागून उकिडवे बसते, हे तिने वर्षानुवर्षे पाहिलेले असते, पण डोकेदुखी, उलट्या आणि झटके यांच्याशी त्याचा संबंध असेल असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. ताप कधी कधी नसतोही, त्यामुळे निदान आणखी लांबते. मेंदूज्वराच्या संशयावरून पाठीतून पाणी काढले, तर गळवाने वाढलेल्या दाबामुळे मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. म्हणून निळसर मुलाचे सीटी स्कॅन आधी होणे अत्यंत निकडीचे ठरते.

सुमारे चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील गर्भावस्थेतले छिद्र पुरते मिटलेले नसते, आणि कारण न सापडणाऱ्या गळवांत त्याचाही हात असावा, असा संशय घेतला जातो. मात्र छिद्र आढळले एवढ्यावरून तेच कारण ठरत नाही.

कवटीला छिद्र पाडून पू काढणे व कित्येक आठवडे शिरेतून प्रतिजैविके देणे, हा उपचार कुटुंबाची मजुरी बुडवणारा असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात. तेथेच निळसर नखे नजरेस पडून हृदयाची शस्त्रक्रिया वेळेवर झाली, तर मेंदूवर येणारे पुष्कळसे संकट टळते. तोवर दाढ काढण्यापूर्वी हृदयाची फाइल दंतवैद्यापुढे ठेवावी, कारण अशा मुलांना हृदयाच्या आतील अस्तराला होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाची एक मात्रा आधी द्यावी लागते.