नागपूरचें ऊन आणि पायांच्या मुंग्या

वैशाखांत ज्या नगरीचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथील लोकांस सूर्यप्रकाशाची वाण पडावी, हें कोणासही विपरीतच वाटेल. परंतु नागपुरांतील कोणत्याही सुस्थितींतील घराचा दिनक्रम पाहावा. अकरा वाजले कीं दारें-खिडक्या लागतात व कूलर सुरू होतो. मुली दुचाकीवरून निघतात त्या डोळ्यांखेरीज सारें तोंड ओढणींत गुंडाळून, हातमोजे चढवून. ह्यांत त्यांचा दोष नाहीं. आमच्याकडे ऊन लागणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. पण हिवाळ्यांत ऊन सुखद झालें तरी अंग झांकण्याची व घरांत बसण्याची संवय सुटत नाहीं.

ही गोष्ट नवी नाहीं. नाशिककडील मुडदुसाविषयीं हचिसन व शहा ह्यांचा अभ्यास १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना हा रोग आढळला तो खाऊनपिऊन सुखी, परंतु पडदा पाळणाऱ्या घरांतील बायकामुलांत. उन्हांत राबणाऱ्या गरिबांचा आहार निकृष्ट. तरी त्यांचीं मुलें ह्या रोगापासून बव्हंशीं मुक्त होतीं. घराण्याची प्रतिष्ठा हाडांना अशी बाधते!

जीवनसत्त्व ‘ड’ हाडांसाठीं हवें, हें आतां शाळकरी मुलासही ठाऊक आहे. मज्जातंतूंशीं त्याचा संबंध काय, हें मात्र मला आमच्या थोरल्या वहिनींच्या दुखण्यामुळें नीट समजून घ्यावें लागलें. त्यांचा सारा जन्म देवघर, माजघर आणि स्वयंपाकघर ह्यांत गेला. सत्तरीनंतर त्यांच्या पायांना मुंग्या येऊं लागल्या, रात्रीं तळव्यांची आग होई, आणि पाटावरून उठतांना जमिनीस हात टेकावा लागे. घरांत कोणी वात म्हणालें, कोणी वय म्हणालें. एका आप्तानें तर ‘ड कमी झालें कीं नसा सुकतात’ असें सांगून औषधाच्या पुड्याच आणून ठेवल्या.

डॉक्टरांनीं पुड्या बाजूस सारून रक्त तपासविलें. साखर ठीक होती. ‘ड’ बरेंच कमी होतें आणि ‘ब-१२’ त्याहूनही चिंताजनक होतें. मग त्यांनीं लक्षणांची विभागणी करून दाखविली. उठतांना हात टेकावा लागतो, तें मांड्यांच्या स्नायूंचें दौर्बल्य. ‘ड’च्या अभावीं तें येतें, आणि लोक त्यालाच नसांची कमजोरी म्हणतात. ‘ड’ फारच घटलें तर रक्तांतील कॅल्शियम उतरतें. मग मज्जातंतु अकारण उत्तेजित होऊन ओठांभोवतीं व बोटांत मुंग्या येतात, हातांना वांब येतात. वहिनींचें कॅल्शियम तितकें उतरलें नव्हतें. त्यांच्या तळव्यांच्या मुंग्यांस मुख्यतः ‘ब-१२’ची उणीव कारण होती. हें सत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसतेंच. शाकाहारी घराला तें दूधदह्यांतूनच मिळायचें, आणि वहिनी सर्वांना वाढून उरेल तेवढेंच दहीं घेत.

मज्जापेशींवर ‘ड’ची खूण ओळखणारीं स्थानें असतात, हें खरें. मधुमेहानें ज्यांच्या नसा बिघडतात, त्यांच्यांत ‘ड’ पुष्कळदां कमी आढळतें, हेंही खरें. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास हें निराळें सांगावयास नको. पायांच्या मुंग्यांवर केवळ ‘ड’ घेत बसल्यास ‘ब-१२’ची उणीव तशीच राहते, आणि फार दिवस राहिल्यास नसांची हानि भरून येत नाहीं. शिवाय त्या पुड्या ६०,००० एककांच्या असतात. ठराविक आठवडे, सांगितल्याप्रमाणें घ्यावयाच्या त्या वस्तु. वर्षानुवर्षें मनानें घेतल्यास ‘ड’ शरीरांतील मेदांत सांठतें, रक्तांत कॅल्शियम वाढतें आणि मूत्रपिंडांवर संकट ओढवतें.

उन्हाविषयीं एक गोष्ट आम्हां संध्या करणारांस रुचणार नाहीं. अर्घ्य देतांना जें कोवळें ऊन अंगावर पडतें, त्यानें चित्त प्रसन्न होतें, ‘ड’ मात्र फारसें होत नाहीं. तें घडविणारे किरण तिरप्या उन्हांत वातावरणांतच अडतात. स्थूल नियम असा कीं, आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड असावी. ज्योतिषांतील बारा अंगुळांचा शंकु येथें कामास येतो. नागपूर २१ अक्षांशांवर असल्यानें वर्षांतील सर्वांत लहान दिवशींही माध्यान्हीं त्याची सावली बारा अंगुळांहून किंचित् कमीच भरते. म्हणजे डिसेंबरांत सव्वाबाराच्या मागचापुढचा थोडाच वेळ हातीं लागतो. फाल्गुनांत तो पुष्कळ वाढतो. तोंडावरचें ऊन पुरत नाहीं, हातपाय उघडे हवेत, आणि सांवळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. काच लावलेल्या गॅलरींत बसून उपयोग नाहीं. हे किरण काचेंतून येत नाहींत.

औषध सुरू झाल्यावर कांहीं महिन्यांनीं वहिनी हात न टेकतां उठूं लागल्या. मुंग्या कमी झाल्या, सर्वस्वीं गेल्या नाहींत. तुरीच्या शेंगा सोलण्याचें काम मात्र हिवाळ्यांत त्यांनीं गच्चीवर नेलें आहे, आणि दह्याची वाटी आधीं त्यांच्या पानांत वाढली जाते.