पाण्यात जाणारा कागद

कागद आणि पाणी यांचं वैर आपण लहानपणीच शिकतो. वहीचं पान फाडून पावसात सोडलेली होडी गटाराच्या वळणापर्यंतही टिकत नाही. तरी नॅथनिएल बिशप नावाचा एक अमेरिकन गृहस्थ 1874-75 साली कागदाच्या होडीतून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावाहून थेट फ्लोरिडाच्या आखातापर्यंत वल्हवत गेला. आणि इतकं लांब तरी कशाला जा? आपल्या शेजारच्या सावंतवाडीच्या गंजिफांना लाखेचा हात देतात तो उगाच नाही.

ही माहिती मला पुरवली आमच्या बारावीतल्या कन्येने. पुठ्ठ्याचं दोन फुटी जहाज करून ते परसातल्या हौदात सोडायचं तिने ठरवलं होतं. मी मराठी शिकवणारा माणूस, पण तिच्या हाताखाली राबताना थोडं शास्त्र कळलं. कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू, एकमेकांना बिलगून बसलेले. पाणी मध्ये शिरलं की ती मिठी सुटते आणि लगदा होतो. म्हणून नुसता वरून रंग देऊन भागत नाही. पातळ इपॉक्सी रेझिन तंतूंत मुरून तिथेच घट्ट व्हावं लागतं.

आधी कणा, मग फासळ्या, त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या. नेहमीचा पांढरा गोंद ओलाव्याने मऊ पडतो, म्हणून तो नाही. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच. "बाबा, हार्डनर जास्त घातलं म्हणून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं," अशी मला ताकीद होती. एकदम जास्त कालवलं तर वाटी तापते, म्हणून थोडंथोडंच. हातात मोजे, खिडक्या उघड्या, घासताना नाकातोंडावर मास्क. लेप आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. एकाच बाजूने दिला तर पुठ्ठा वाकायची भीती. सगळ्यात जास्त काळजी कापलेल्या कडांची. कागद पाणी पितो तो तिथूनच.

आमच्या आईला हा खटाटोप मुळीच पसंत नव्हता. "एवढं देखणं केलंय, तर शोकेसमध्ये ठेवा की. पाण्यात कशाला?" असं ती रोज म्हणायची. बोलणं जहाजाबद्दल असलं तरी रोख दुसरीकडे होता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. नातीला बारावीनंतर कोचीला जाऊन जहाजबांधणी शिकायची आहे. इतक्या लांब, एकटी मुलगी, आणि काम पाण्याशी! आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

जहाज हौदात सोडलं तेव्हा आधी एका अंगाला कललं. लेकीने तळात मूठभर खडे बसवले, तसं ते सरळ झालं. रात्रभर ते पाण्यातच ठेवलं. सकाळी आईनेच उचलून आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "कोरडं आहे गं."

तेवढंच. कौतुक नाही, परवानगीही नाही. अर्जावर पालक म्हणून सही माझी लागते, पण आईला दुखवून ती करावी असं मनात येईना. अर्ज तसाच टेबलावर पडून होता.

परवा रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "काय रे, आपल्या बेळगावातून कोचीला गाडी कुठली?"