'म्हणे'ची साक्ष

वर्गात मी मुलांना सांगतो, मराठीतला 'म्हणे' आणि उर्दूतला 'सुना है' हे सख्खे भाऊ. दोघंही बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळं करतात. पण याच 'म्हणे'नं एकदा माझ्याकडून एका मेलेल्या माणसावर अन्याय करवला.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. भर दुपारी पांढरकवड्याहून केळापूरला जाताना मी रसवंतीवर थांबलो होतो. समोरून एक मजूर झोकांड्या खात आला, लिंबाखाली बसला आणि आडवा झाला. "दिवसाढवळ्या टाकून आला," कुणीतरी म्हणालं. मी रस संपवला. थोड्या वेळानं एकानं त्याला हलवून पाहिलं, तेव्हा तो गेलेला होता.

पोलीस आले. अशा मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांसमोर व्हावा लागतो. तेव्हा त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 194 आहे. मास्तर म्हणून मला पंच केलं. हवालदारानं विचारलं, मी सांगितलं, "प्यायलेला होता म्हणे."

कागदावर उतरलं, 'मयत इसम दारूच्या नशेत होता.' 'म्हणे' गळून पडला. मी वाचलं आणि सही केली.

आठवड्याभरानं त्याची बायको शाळेत आली. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला होता. पोटात दारूचा थेंब नव्हता. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "सर, तुमी त्याईले पेताना पायलं का?"

नव्हतं पाहिलं. झोकांड्या पाहिल्या होत्या. ऊन डोक्यात गेलं की माणूस तसाच डोलतो, तसाच असंबद्ध बोलतो, हे विदर्भात जन्म काढून मला कळायला हवं होतं. वेळेवर सावली, पाणी आणि दवाखाना मिळाला असता तर कदाचित तो वाचला असता.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे त्या रात्री शब्दच डोक्यात फिरत राहिले. पोलीस अशा मृत्यूची नोंद 'मर्ग' म्हणून करतात. फारसी-उर्दूत मर्ग म्हणजे मृत्यू. 'पंचनामा'त पंच संस्कृतातला, नामा फारसीतला. 'साक्षी'त अक्ष आहे, म्हणजे डोळा. त्याला फारसी 'दार' लागून आपला साक्षीदार झाला. दोन्ही भाषांनी मिळून हा शब्द घडवला, आणि दोन्ही शिकवणाऱ्या मी डोळ्यांऐवजी कानांवर भिस्त ठेवली.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रस्त्यात कुणी अचानक मेलं, की कोरोनर परिसरातल्या माणसांची ज्यूरी बसवायचा. ती मंडळी आधी प्रेत स्वतः पाहायची, मग साक्षी ऐकायची. मृत्यू नैसर्गिक वाटला तर 'ईश्वरी आगमनाने मृत्यू' असा निर्णय नोंदवायची. आपल्या 'देवाज्ञा झाली'सारखंच. त्यांच्याच राजवटीतल्या 1872 च्या पुरावा कायद्यानं आपल्याकडे लिहून ठेवलं, की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहिल्याची गोष्ट पाहणाऱ्यानंच सांगावी. कुरआनात सूरह बनी इस्राईलच्या 36 व्या आयतीत तर कान, डोळे आणि मन या तिघांनाही जाब द्यावा लागेल, असा इशारा आहे. ती आयत मला लहानपणापासून पाठ होती.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. तिथल्या एका सफाई कामगारानं 2022 मध्ये कोर्टात उभं राहून दोन आरोपींना ओळखलं. 10 मे 2024 रोजी त्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. जे डोळ्यांनी पाहिलं ते तो माणूस भीती गिळून साडेआठ वर्षांनी बोलला. माझ्यासमोर ना बंदूक होती, ना धमकी. तरी मी न पाहिलेलं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. "सर, आता काय फरक पडते? पीएम रिपोर्ट आलाच आहे," हवालदार म्हणाले. मी बसूनच राहिलो. अखेर त्यांनी माझा पुरवणी जबाब लिहून घेतला: मी त्याला डोलताना पाहिलं. दारू पिताना पाहिलं नाही. वास आला नाही. मी जवळ गेलो नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं. मीच लिहायला सांगितलं.