होड्या वर ओढल्यावर

आमच्या कोकणात मे महिना सरत आला की होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ. मी नऊ वर्षांची असताना एक चुलतभाऊ आषाढातल्या लाटेने नेला, तेव्हापासून घरातल्या मुलींना तर घोट्याएवढ्या पाण्यातही जायची बंदी होती. अशा घरातली मी. मेच्या अखेरीला मालदीवला, तेही समुद्राच्या तळाशी उतरायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी तसबीह बाजूला ठेवून विचारले, "सगळ्यांची डोकी एकदमच फिरली काय गं?"

हट्ट मुलाचा होता. बारावी झाल्यावर स्कूबा डायव्हिंग करू द्यायचे, असे त्याच्या अब्बांनी कबूल केले होते. शिक्षिकेला सुट्टी मे महिन्यातच मिळते आणि मालदीवचा गर्दीचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल असतो. मेपासून तिथे नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. त्याला ते हुलंगू म्हणतात. आपल्याकडे पाऊस आणणारा वारा तो हाच. पर्यटक कमी होतात आणि खोल्यांचे भाडे उतरते. आम्हाला हंगामाच्या जवळपास निम्म्या भाड्यात खोली मिळाली. मालदीव म्हणजे फक्त श्रीमंतांच्या पाण्यावरच्या झोपड्या, हा माझा समज तिथेच गळून पडला. लोकवस्तीच्या बेटांवर साधी अतिथीगृहे आहेत, पाच वेळा अजान ऐकू येते, दारू मिळत नाही आणि परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा राखलेला असतो.

मालेमध्ये एक दिवस थांबलो. 1658 सालची जुनी जुम्मा मशीद बाहेरून पाहिली. तिच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. समुद्रातून काढलेल्या चिऱ्यांवर लाकडावर करावे तसे बारीक कोरीव काम. याच देशात इब्न बतूता 1343–44 च्या सुमारास काझी होता. राज्यकर्त्यांशी बिनसले आणि निघून गेला. पाट्या वाचायला जावे तर माझे उर्दू काही कामाला येईना. त्यांची थाना लिपी उजवीकडूनच लिहितात, पण अक्षरे निराळी. मग कळले की तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांपासून घेतलेली आहेत, एक ते नऊ. आम्ही जाणार होतो ते 'बा' अटोल, म्हणजे पाचवे अक्षर. भाषेच्या शिक्षिकेला एवढ्यानेच सहल वसूल झाल्यासारखे वाटले. मुलगा म्हणाला, "अम्मी, इथे तरी वर्ग घेऊ नकोस."

दरवंदू बेटापर्यंत स्पीडबोटीने अडीच-तीन तास लागले. निम्मा वेळ मी पिशवीत तोंड घालून होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डायव्हिंगच्या दुकानात एक तरुण स्थानिक प्रशिक्षिका होती. ती मला 'दत्त' म्हणायची. दिवेही भाषेत मोठ्या बहिणीला तसे म्हणतात, हे समजेपर्यंत मी चक्रावलेच होते. तिने दोन फॉर्म पुढे केले. आजारांची यादी, प्रत्येकासमोर हो किंवा नाही. मुलाने भराभर सगळीकडे 'नाही' लिहिले. मी शेजारून पाहत होते. दम्यासमोरही 'नाही'.

त्याचा शेवटचा झटका बाराव्या वर्षी आला होता. पंप मात्र अजून माझ्या पर्समध्ये असतो. मी काही बोलले नाही. आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या अब्बांकडे. ते खिडकीबाहेर पाहत होते. मुलाने वर्षभर कोणत्या व्हिडिओंवर रात्री जागवल्या, हे मला ठाऊक होते. पाच वर्षांत साधी धापही नाही. पण परीक्षेत कॉपी पकडणारी मी, पेन उचलून सही करायला हात धजेना. "याला लहानपणी दमा होता," मी म्हणाले.

प्रशिक्षिकेने फॉर्म हळूच बाजूला ठेवला आणि कारण समजावले. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे नळीतून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचे. श्वासनलिका आवळलेली असेल तर हवा आत अडकते आणि फुफ्फुस फाटू शकते. बेटावरच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टरही म्हणाले की फुफ्फुसाची तपासणी केल्याशिवाय मी सही करणार नाही. मुलगा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. रात्री भातावर माशाचा रस्सा तसाच ठेवून झोपला.

सकाळी तोच म्हणाला, "पैसे भरलेत ना? मग तू जा."

दोन वर्षांपूर्वी महिलांच्या बॅचमध्ये मी तलावात पोहायला शिकले होते. माझ्या फॉर्मवर सगळी 'नाही' खरी होती. अंगभर रबरी पोशाख, डोक्याला घट्ट टोपी. पडद्याची चिंता उरली नाही. पाठीवरचे सिलिंडर होडीत जड, पाण्यात मात्र हलके. पहिल्या दोन मीटरवरच कान ठणकले. नाक चिमटीत धरून फुंकायचे, की कान सुटतात. मनातल्या मनात आयतुलकुर्सी चालूच होती. पण श्वास रोखायचा नाही या भीतीने मी इतके मन लावून श्वास घेत होते की बाकीची भीती कुठे गेली कळलेच नाही.

नऊ मीटरवर लाल रंग संपतो. माझ्या पट्ट्याची लाल किनार मातकट दिसत होती. प्रवाळही कित्येक ठिकाणी करडा, मोडका. 1998 आणि 2016 मध्ये पाणी तापून इथला बराच प्रवाळ पांढरा पडला, हे वाचले होते. डोळ्यांनी पाहणे वेगळे. मधूनमधून नवे जांभळे कोंब होते. मालेतल्या मशिदीची भिंत एके काळी अशीच जिवंत होती, हे तिथे पहिल्यांदा नीट उमजले. पाणी गढूळ होते. हंगामात म्हणे याहून फार स्वच्छ असते.

पण तोच गढूळपणा कामाचा. हुलंगूच्या प्रवाहांनी सूक्ष्म जीव अटोलच्या पूर्व कडेला गोळा होतात आणि ते खायला मांटा रे येतात. दरवंदूजवळची हनिफारूची खाडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. 'बा' अटोलला 2011 मध्ये युनेस्कोचा जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. खाडीत सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे. तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगायचे, तेही ठरलेला वेळ. म्हणजे तिथे मी आणि माझा मुलगा सारखेच.

डॉक्टरांना विचारून आणि पंप वाटाड्याच्या थैलीत ठेवून त्याला उतरवले. पहिल्या दिवशी पाऊस आणि रिकामे पाणी. दुसऱ्या दिवशी तीन आले. दोन्ही हात पसरूनही मला कवेत घेता येणार नाहीत एवढे रुंद, तोंड उघडे, एकामागे एक. नांगी नाही, घाई नाही. एक जण आमच्या खालून जाताना उलटा झाला आणि पोटावरचे काळे ठिपके दिसले. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून त्यांची ओळख ठेवतात. मुलाने माझे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला.

होडीत आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, "ती तपासणी मुंबईत होते ना?"

तारीख घेतली आहे. पुढच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. पंप अजून पर्समध्येच आहे.