नवतप्यातलं तान्हं

जबलपूरला मे महिन्यात सुटीचा बेत घरातलं सगळ्यात लहान माणूस ठरवतं. त्याला अजून मान धरता येत नाही, भेडाघाट कशाशी खातात हेही ठाऊक नाही. पण मुंबईहून आलेली मावशी, पुण्याची आत्या, त्यांची पोरं, दारात उभ्या दोन गाड्या आणि डब्यात भरलेल्या दशम्या असा सगळा लवाजमा त्याच्या झोपेपाशी अडून राहतो. नवा जावई सकाळी दहाला गॉगल लावून ओसरीवर येतो, तेव्हा सासूबाई शांतपणे सांगतात, "अहो, आता कुठे निघता? पाच वाजले की बघू." जावयाला तो म्हाताऱ्या माणसाचा भित्रेपणा वाटतो. तासाभराने गल्लीत लू, म्हणजे उन्हाचा तापलेला वारा, सुटते आणि तोच मुकाट्याने खिडक्या लावून घेतो.

अशा घरात बाळ येतं ते बहुतेक आजोळी. जबलपूर आणि नागपूर यांची सोयरीक जुनी आहे. १७९८ पासून सुमारे वीस वर्षं इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताच्या काळात राजधानी नागपूरच राहिली आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशाच्या वाट्याला येऊन जबलपुरात थाटलं गेलं. कोर्टाबरोबर वकिला-कारकुनांची मराठी बिऱ्हाडंही आली. एका गावात माहेर, दुसऱ्यात सासर आणि मध्ये सातपुडा. पहिलटकरीण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ घेऊन निघायची, ती हाऊबाग स्टेशनावरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने. नैनपूर, बालाघाट, गोंदिया असा तो नॅरोगेजचा रस्ता. जबलपूर-नैनपूर हा छोटा रूळ २०१५ साली बंद झाला, आता तिथे ब्रॉडगेज आहे.

तान्ह्याला ऊन मोठ्या माणसापेक्षा वेगळं लागतं, त्याचं कारण साधं आहे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, म्हणून बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. मोठ्यांच्या मानाने त्याला घाम कमी येतो. पांघरूण लाथाडता येत नाही, सावलीत सरकता येत नाही. मे अखेरीस सूर्य रोहिणीत जातो, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात आणि जबलपूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढतो. माणसाच्या कातडीचं तापमान पस्तिसाच्या आसपास. हवाच कातडीहून तापलेली असली की कोरडा पंखा उष्णता काढून नेत नाही, उलट अंगावर आणून टाकतो. तेव्हा गारवा देणारं एकच उरतं: उडून जाणारं पाणी.

हे आजीला भौतिकशास्त्र न शिकता ठाऊक असतं. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या, दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचं आणि त्यातून गाळून आलेल्या सुगंधी वाऱ्यात पाळणा टांगायचा, ही मध्य भारतातल्या घरांची जुनी तजवीज. ताट्या गेल्या आणि कूलर आले, पण तत्त्व तेच. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली हेच बाबागाडीवर मोजून पाहिलं. ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडं मलमल टाकलं, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त तापली. तेच मलमल ओलं करून सोबत छोटा पंखा लावला, तेव्हा आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साडेचार अंशांहून अधिक खाली आलं. कडेवरच्या बाळाच्या तोंडावरून कोरडा दुपट्टा ओढून घेणाऱ्या आयांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं. सावली हवी ती छत्रीची किंवा झाडाची, वारा अडवणाऱ्या कापडाची नको.

अहमदाबादचं उदाहरण याहून बोलकं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूतिकक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या गच्चीच्या लगत. उन्हाने आजारी पडून अतिदक्षता विभागात येणाऱ्या नवजात बाळांची संख्या अचानक वाढली. नंतर डॉक्टरांनी आकडे मांडले, तेव्हा ४२ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे ही संख्या ४३ टक्क्यांनी चढत असल्याचं दिसलं. कक्ष तळमजल्यावर आणला आणि ती मोठ्या प्रमाणात घटली. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. बदलला होता फक्त मजला. सहलीला हॉटेलची खोली घेताना समोरचा देखावा बघून वरचा मजला मागणाऱ्या बापाला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आजीचं सगळंच बरोबर असतं असं मात्र नाही. "एवढ्या उन्हात पोराला घोटभर पाणी नको का?" हा प्रश्न ती विचारतेच, आणि तिथे तिचं ऐकू नये. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध, उष्ण प्रदेशातही वरचं पाणी नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ थोड्या थोड्या वेळाने पितं, तेवढं पाजावं. पाणी, ताक, कैरीचं पन्हं हे सगळं आईने प्यायचं. ते बाळापर्यंत पोचवायचं काम तिचं शरीर करतं. सहलीच्या धांदलीत सगळ्यांच्या हातात सरबताचे पेले असतात आणि अंगावर पाजणारी तेवढी कोरडी राहते, हे मराठी घरांत अनेकदा घडतं.

मग भेडाघाटाचं काय? गावापासून तो वीस-पंचवीस किलोमीटरच आहे, पाहुण्यांना दाखवल्यावाचून राहवत नाही. 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० सालच्या चित्रपटात राज कपूरने इथलेच नर्मदेचे संगमरवरी कडे पडद्यावर आणले. पण भर दुपारी हे पांढरे कडे ऊन पाण्यावर फेकतात आणि पाणी ते डोळ्यांवर फेकतं. नावाड्याची यमकं जुळवत चाललेली कॉमेंट्री ऐकून मोठे हसतात, तेव्हा मान न धरणारं बाळ हलत्या नावेत डोळे घट्ट मिटून पडलेलं असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनही लावू नये असं डॉक्टर सांगतात, म्हणजे सावली हाच एक उपाय, आणि उघड्या नावेत तीच नसते. धुआंधार धबधब्याचे तुषार संध्याकाळी, ऊन कलल्यावर, आईच्या पदराआडून घ्यावेत. चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या टेकडीच्या पायऱ्या दुसऱ्या कुणीतरी चढाव्यात. दहाव्या शतकापासून त्या मूर्ती तिथे आहेत, आणखी एक वर्ष थांबतील.

खरा गारवा हवा तर पचमढी. इटारसी मार्गावर पिपरियाला उतरायचं आणि घाट चढायचा. हजार मीटरवरचं हे गाव मध्य प्रांताच्या सरकारचं उन्हाळी ठिकाण होतं. इथेही दुपार तापते, पण रात्री बाळ शांत झोपतं. बी फॉलच्या पायऱ्या मात्र आलटूनपालटून उतराव्यात, एकाने वर बाळाजवळ थांबावं. उलट जबलपूरची माणसं थंडावा समजून कोकणात जातात, तेव्हा फसतात. पारा दहा अंशांनी उतरतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, ओल्या कापडाची युक्ती चालत नाही आणि दोन दिवसांत बाळाच्या मानेवर घामोळं उठतं.

प्रवास रात्रीच्या गाडीने किंवा पहाटे. सिवनीमार्गे नागपूरला मोटारीने जाताना ढाब्यावर थांबलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "झोपलंय, उठवू नका, राहू दे गाडीत." बंद मोटार वीस मिनिटांत दहा अंशांहूनही अधिक तापते. उठलेलं बाळ रडेल, रडू द्यावं. आणि रडणं थांबून ते मलूल झालं, दूध ओढेना, लंगोट बराच वेळ कोरडाच राहिला, टाळू खोल गेली, तर सहल तिथेच संपवून दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग ३८ अंशांवर गेलं, तर घरगुती उपाय करत बसू नये.

भेडाघाटच्या नावा पावसाळ्यात बंद असतात. पूर ओसरला की त्या पुन्हा सुटतात, शरद पौर्णिमेच्या सुमाराला तिथे नर्मदा महोत्सव भरतो. मार्चमध्ये जन्मलेलं बाळ तेव्हा सात महिन्यांचं, मांडीवर ताठ बसणारं असतं. पाहुण्यांनी तिकिटं तेव्हाची काढावीत.