पिवळ्या पायांची

खरिपाच्या ज्वारीचं धाट उभं चिरलं की आत कधी कधी एक पांढरा पुंजका सापडतो. लांबून चिमूटभर कापूस वाटतो. डोळ्यांजवळ धरला की कळतं, तांदळाच्या कणीएवढे तीस-चाळीस रेशमी कोष एकमेकांना बिलगून बसलेले आहेत. शेजारी खोडकिड्याची अळी पडलेली असते. सुरकुतलेली, मलूल, पण अजून जराशी वळवळणारी.

लहानपणी मराठवाड्यातल्या आमच्या शेतात वैरण तोडताना असे किती पुंजके मी चिरडले, त्याचा हिशेब नाही. किडीजवळ सापडलं म्हणजे किडीचीच अंडी, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. अळी पायाखाली, पुंजका बोटांत. ती अंडी किडीची नव्हती, ते कोष किडीला संपवणारीच्या लेकरांचे होते, हे फार उशिरा कळलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिचं नाव कोटेशिया फ्लेविपस. लॅटिनमध्ये फ्लेविपस म्हणजे पिवळ्या पायांची. गोत गांधीलमाशीचं, पण ती माणसाला डसत नाही, पोळंही बांधत नाही. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, अंग काळं, पाय पिवळे, मिशा सारख्या थरथरणाऱ्या. दिव्याजवळचं चिलट समजून सहज झटकून टाकावी अशी. कोषातून बाहेर पडल्यावर तिला दोन-तीन दिवसांचं आयुष्य मिळतं. जोडीदार शोधायचा, पीक शोधायचं, पिकात अळी शोधायची, सगळं तेवढ्यातच.

आणि अळी तरी कुठे उघड्यावर असते? खोडकिड्याचा पतंग पानावर अंडी घालतो, ती माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या आधी पोंग्यात शिरतात. पुढे पोंगा उलगडला की पानावर ओळीने भोकं दिसतात, सुईने टोचल्यासारखी. मोठ्या झालेल्या अळ्या खोडात उतरतात. कोवळ्या रोपाचा पोंगा मग वाळतो आणि ओढला की हातात येतो. ही पोंगेमर ज्याने आपल्या रानात पाहिली, त्याला तो वाळका पोंगा हातात धरून उभं राहणं ठाऊक आहे. एकदा अळी खोडात गेली की वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. धाटाच्या भिंतीच तिचं रक्षण करतात.

जिथे औषध पोचत नाही, तिथे ही पिवळ्या पायांची जाते. कुरतडलेल्या झाडाला आणि अळीच्या विष्ठेला वास असतो, त्या वासाने ती नेमकं पोखरलेलं धाट गाठते. भोकाशी साचलेल्या ओल्या भुश्यातून वाट काढत आत शिरते. आत अंधार, बोगदा अंगासरसा, आणि समोर तिच्या कितीतरी पट मोठी अळी. अळी गप्प बसत नाही. तोंडातून द्रव थुंकते, चावते. प्रयोगात असं आढळलं आहे की बोगद्यात शिरणाऱ्यांपैकी ३० ते ४० टक्के तिथेच मरतात. माझ्या मनात ती घर करून आहे ती या आकड्यामुळे.

जी टिकते तिला काही सेकंद पुरतात. एका डंखात ती चाळीसेक अंडी अळीच्या शरीरात सोडते, आणि अंड्यांबरोबर एक विषाणूही. अळीच्या अंगातली प्रतिकाराची ताकद तो लुळी पाडतो, नाहीतर तिने ती अंडी आतच मारून टाकली असती. त्यानंतरही अळी खात राहते, पण ते खाणं आता आतल्या चाळीस जणांच्या अंगी लागतं. साधारण दोन आठवड्यांनी ते सगळे कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथेच, बोगद्यात, कोष विणतात. तोच माझा पुंजका.

तिच्या चरित्रात आफ्रिकेचा अध्याय मोठा आहे. आपल्याकडचा हा खोडकिडा, कायलो पार्टेलस, १९३० साली मलावीत प्रथम नोंदला गेला. तिथून तो पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या मका-ज्वारीत पसरत गेला. कीड समुद्र ओलांडून गेली, तिची वैरीण आशियातच राहिली. १९६८ ते १९७२ या काळात तिला पूर्व आफ्रिकेत सोडून पाहिलं, पण ती रुजली नाही. पुढे नैरोबीच्या इसिपे या कीटकसंशोधन संस्थेने तिला पाकिस्तानातून नेलं आणि १९९३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीवर सोडलं. पहिली काही वर्षं ती जेमतेमच सापडायची. एखाद्याने तेवढ्यावरच प्रयोग फसला म्हणून फाइल बंद केली असती. मग तिची संख्या वाढली, आणि त्या भागात खोडकिडा निम्म्याहून अधिक घटल्याचं अभ्यासकांनी मांडलं. तिथून ती आफ्रिकेतल्या इतर देशांतही गेली. ज्यांच्या मक्याच्या कणग्या त्या वर्षांत भरल्या, त्यांतल्या बहुतेकांनी तिला पाहिलंही नसेल.

ती एकटी सगळं रान राखेल, असं मी म्हणणार नाही. अळी आधी वाढते, ती मागून येते, आणि तेवढ्यात काही धाटं जातातच. पण पोंग्यात विषारी औषध ओतायच्या आधी दोन-चार धाटं चिरून बघायला काय हरकत आहे? आत पांढरा पुंजका असेल, तर रानात तिचं काम सुरू झालेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात असाच एक पुंजका मी धाटाच्या तुकड्यासकट काचेच्या बाटलीत ठेवला, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि बाटली खिडकीत, सावलीला ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी काचेवर काळे ठिपके चालत होते. सगळे उजेडाकडच्या बाजूला. कोषांची टोपणं गोल कापलेली, डबीचं झाकण उघडावं तशी. ऊन उतरल्यावर बाटली मक्यात नेली आणि बोळा काढला. बऱ्याच जणी एकदम उडाल्या आणि दिसेनाशा झाल्या. एक मात्र बाटलीच्या काठावर थांबली. पुढच्या पायांनी मिशा पुसल्या, पुन्हा पुसल्या. शेजारच्या धाटाला हातभर उंचीवर एक भोक होतं, त्याखाली ओला भुसा सांडलेला. ती उडून त्या भुश्यावर बसली.