जुन्या छायाचित्रातील विमान

महायुद्धातील लढाऊ विमानांची जुनी छायाचित्रे न्याहाळून त्यांचे प्रकार ओळखण्याचा आम्हांस छंद आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. घनसावंगीसारख्या गावी, जेथे विमान म्हणजे आभाळात फार उंचावर उमटणारी एक पांढरी रेघ, तेथे हा छंद काही पालकांस विचित्र वाटतो. परंतु या विमानांचा आपल्या मुलखाशी संबंध वाटतो तितका दूरचा नाही. त्या युद्धाच्या वेळी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाच्या देणग्यांवरून इंग्रजांच्या विमानदळातील काही तुकड्यांस हैदराबादचे नाव मिळाले होते. त्यांपैकी 152 क्रमांकाची तुकडी 1940 साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर विमाने घेऊन लढली. तिच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण आहे. देणगी निजामाची खरी. पण त्याच्या खजिन्यात आपल्या शिवारांतला शेतसाराही जात असे.

गतवर्षी एका विद्यार्थ्याने आपल्या पणजोबांचे छायाचित्र आमच्याकडे आणले. पणजोबा विमानदळाच्या चाकरीस होते. छायाचित्रात ते एका स्पिटफायरच्या शेपटीकडील बाजूस उभे आहेत. पाठीमागे लिहिले होते : 'हैदराबाद तुकडी, इंग्लंड, 1940.' स्नेहसंमेलनात त्यावर भाषण करावयाचे मुलाने ठरविले होते, आणि आमचा दुजोरा त्यास हवा होता.

आम्ही प्रथम पंख्याची पाती मोजली. मित्रहो, स्पिटफायर ओळखावयाचे तर प्रारंभ येथूनच करावा. अगदी पहिल्या विमानांस दोन पात्यांचा लाकडी पंखा होता. 1940 च्या लढाईत तीन पाती आली. आठव्या व नवव्या प्रकारांस चार, आणि चौदाव्यास पाच. इंजिनाची शक्ती वाढत गेली तशी ती पेलण्यास पातीही वाढली. या छायाचित्रात पाती चार होती. म्हणजे 1940 साल तेथेच बाद झाले.

पुढे पंखांच्या खालची बाजू पाहिली. पाचव्या प्रकारापर्यंत एका पंखाखाली रुंद रेडिएटर आणि दुसऱ्याखाली तेल थंड करण्याची लहानशी नळी, असा विषम प्रकार असे. नव्या इंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबली जाई. ती तापे, म्हणून ती थंड करण्याची निराळी सोय करावी लागली, आणि दोन्ही पंखांखाली सारख्या पेट्या आल्या. येथे त्या सारख्याच होत्या. आठवा की नववा, हा निवाडा मात्र शेपटीच्या चाकाने केला. आठव्या प्रकाराचे ते चाक उड्डाणात पोटात ओढले जाते, म्हणून त्याच्या दोहो बाजूंस लहान झडपा असतात. भिंगातून त्या स्पष्ट दिसल्या.

राहिले रंग. काळ्यापांढऱ्या छायाचित्रात रंगावर विसंबणे धोक्याचे. त्या काळच्या काही फिल्मा तांबड्या रंगास जवळजवळ आंधळ्या असत व तो काळाच उमटे. तथापि विमानाच्या अंगावरील वर्तुळाचा मध्य येथे भोवतालच्या कड्याहून फिका होता. युरोपातील विमानांवर तो मध्य तांबडा, म्हणून छायाचित्रात गडदच यावयाचा. जपान्यांच्या विमानांवर तांबडा गोळा असे. घोटाळ्यात आपल्याच विमानावर गोळी सुटू नये म्हणून पूर्वेकडील आघाडीवर तांबडा रंग काढून टाकला होता. आणि त्या वर्तुळावरून झेप घेणारा काळा बिबट्या रंगविलेला होता. ही 152 क्रमांकाच्या तुकडीचीच ब्रह्मदेशातील खूण. 1943 च्या अखेरीस ती हिंदुस्थानात आली आणि पुढे त्या आघाडीवर लढली.

दुसऱ्या दिवशी मुलाचे आजोबा स्वतः शाळेत आले. "गुरुजी, मग इतकी वर्षे आम्ही खोटेच सांगत आलो म्हणावयाचे काय?" असे त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. पण दुखावल्याची छाया होती. आम्ही म्हणालो, "आजोबा, तुकडी तुम्ही सांगता तीच आहे. देश आणि साल तेवढे बदलावे लागेल." पाठीमागची अक्षरे बॉलपेनाची होती, हेही आम्ही दाखविले, ती नंतर कोणी तरी लिहिली असली पाहिजेत. इंग्लंडच्या लढाईचे चित्रपट निघाले. ब्रह्मदेशातील चिखल, हिवताप आणि जोंकांचे कौतुक फारसे कोणी केले नाही. तेव्हा लिहिणाऱ्यास इंग्लंड सुचले, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आजोबा बराच वेळ भिंग धरून बसले. मग म्हणाले, "बाबांना दर पावसाळ्यात थंडीताप यायचा. तिकडचाच असेल." त्यांनी आमच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि जुन्या ओळीखाली 'ब्रह्मदेश' एवढेच लिहिले, जुनी ओळ खोडली नाही. मुलाने भाषण केले, ते बिबट्यावर.

विमानाच्या अंगावर तुकडीची 'यूएम' ही अक्षरे वाचता येतात. त्यांच्या जोडीचे तिसरे अक्षर, ज्यावरून नेमके विमान कोणते ते शोधता आले असते, पणजोबांच्या खांद्याआड गेले आहे.